क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्यात कॅपकॉमचे चुकले का?

कुंचला
ओसाकाच्या कॅपकॉम या व्हिडिओ गेम कंपनीने २००४ साली क्लोव्हर स्टुडिओ ही उपकंपनी काढली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ती गुंडाळत असल्याचे जाहीर केले. शिंजी मिकामी, हिदेकी कामिया आणि अत्सुशी इनाबा ही तिथली प्रमुख मंडळी. त्यांपैकी पहिल्या दोघांनी अनुक्रमे ‘रेसिडेंट ईव्हिल’ आणि ‘डेव्हिल मे क्राय’ हे खेळ दिग्दर्शित केले होते. अशा लोकांना वेगळी चूल मांडून द्यायची आणि तीन वर्षे व्हायच्या आत ती विझवायची, यात मला निव्वळ अदूरदृष्टी दिसते.

एप्रिल २००६ मध्ये आलेल्या क्लोव्हरच्या ‘ओकामी’ या खेळात लांडग्याच्या रूपातील सूर्यदेवी अमातेरासू ही नायिका आहे. बटण दाबून धरले की चालू दृश्य थिजून कागदावरच्या चित्रासारखे होते आणि पडद्यावर शाईचा कुंचला येतो. त्याने आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो, वठलेल्या झाडाभोवती काढले की झाड बहरते. आधी हा खेळ वास्तवदर्शी चित्रणाचा होणार होता, परंतु प्लेस्टेशन २ या खेळयंत्राला तो भार पेलेना, तेव्हा जपानी शाईचित्रांची शैली स्वीकारली गेली. अडचणीतून असे काही घडवणारा चमू एकदा मोडला की पुन्हा जमत नाही.

हिशेबनीस
आपले ‘ओकामी’वरील प्रेम मान्य आहे, पण घटनाक्रम तपासावा. मिकामी, कामिया आणि इनाबा यांची ‘सीड्स’ ही कंपनी ऑगस्ट २००६ मध्येच, म्हणजे क्लोव्हर बंद होण्याच्या घोषणेआधी निघाली होती. माणसे निघून गेल्यावर नुसती पाटी टिकवून कॅपकॉमने काय साधले असते? समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला ‘ओकामी’ खपला बेताचाच, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या क्लोव्हरच्याच ‘गॉड हँड’नेही तिजोरी भरली नाही. शिवाय नव्या पिढीच्या यंत्रांसाठी खेळ बनवण्याचा खर्च तेव्हा झपाट्याने वाढत होता. कंपनी नव्या कल्पनांना घाबरली, असेही म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी तिने आणलेले ‘डेड रायझिंग’ आणि ‘लॉस्ट प्लॅनेट’ हे दोन्ही नवेकोरे खेळ दहा लाखांवर खपले.

रात्रपाळी
आपण दोघेही २००६ पाशीच थांबला आहात. ‘सीड्स’मधून पुढे प्लॅटिनमगेम्स ही कंपनी उभी राहिली आणि २००९ मध्ये तिचा ‘बायोनेटा’ हा खेळ गाजला. मात्र त्याचे हक्क सेगा या दुसऱ्या खेळ-कंपनीकडे होते, आणि २०१४ चा दुसरा भाग निन्टेन्डो या तिसऱ्याच कंपनीने पैसे घातले म्हणून निघाला. तिचा ‘स्केलबाउंड’ हा खेळ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये रद्द केला. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेला तिचाच ‘बॅबिलॉन्स फॉल’ वर्षभरही चालला नाही. मालक बदलले, पण दुसऱ्याच्या पैशावर आणि मर्जीवर काम करणे सुटले नाही. त्यामुळे एकट्या कॅपकॉमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही.

कुंचला
हिशेबनीस, ती माणसे आधीच बाहेर पडली होती, हा माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहे. स्टुडिओ त्यांच्यासाठी राहण्याजोगा उरला असता, तर ती गेली कशाला असती? आणि कॅपकॉमला कृतीची किती कदर होती, ते निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रासाठी २००८ मध्ये निघालेल्या ‘ओकामी’च्या आवृत्तीत दिसले. तिच्यातून शेवटची श्रेयनामावली वगळली गेली, आणि तीत क्लोव्हरचे बोधचिन्ह होते, हे कारण कंपनीनेच दिले. (त्याच आवृत्तीच्या अमेरिकी वेष्टनावर मात्र एका संकेतस्थळाची जलमुद्रा चुकून तशीच छापली गेली!)

हिशेबनीस
श्रेयनामावली वगळणे गैरच होते. त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु २०१२, २०१७ आणि २०१८ मध्ये निरनिराळ्या यंत्रांवर ‘ओकामी’ पुन्हा आणला तो कॅपकॉमनेच, आणि नवा खेळाडूवर्ग त्यातूनच मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये पुढचा भाग जाहीर झाला, तो कामियांच्या ‘क्लोव्हर्स’ या नव्या स्टुडिओकडे सोपवून. २००६ च्या खपाच्या आकड्यांवर त्या पुढच्या भागासाठी कोणी छदामही दिला नसता.