‘थोडं खाऊन घे, काही होत नाही’ : मित्रांसोबत बाहेर जेवतानाचे खान्देशी अनुभव

चंपाषष्ठी झाली की आमच्या जळगावात शेतावरच्या भरीत पार्ट्यांना ऊत येतो. चातुर्मासभर वांगं न शिवणारी घरंही तेव्हा मोकळी होतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही 9 मैत्रिणी आसोद्याकडच्या एका मळ्यात जमलो होतो. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर बामणोदची वांगी, कांद्याची पात, लसूण-मिरचीचा ठेचा, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. आमच्यातली एक जैन आहे. ती कांदा-लसूण खात नाही एवढं ठाऊक होतं. पण वांग्यात बिया फार म्हणून तिच्या घरी वांगंही चालत नाही, आणि दिवस मावळल्यावर ती जेवतच नाही, हे शाळेपासूनची मैत्री असून मी कधी विचारलं नव्हतं. पंगत बसली रात्री 8 ला. ती आम्हाला वाढत राहिली. “घे ना थोडं, आजच्या दिवस” असं मी तिला तीनदा म्हटलं. ते तीनदा म्हणणं मला अजून टोचतं.

मागच्या वर्षी चूल दुपारी 3 लाच पेटवली. वांग्यांच्या आधी त्याच जाळावर कच्ची केळी भाजली. साल काळी पडेपर्यंत भाजायची, गर काढायचा आणि हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे घालून ठेचायचा. वरून जिऱ्याची फोडणी, लिंबू. ठेचायचं लाकडी भांडं घासून-धुऊन आधी तिच्या भरतासाठी वापरलं, मग आमच्यासाठी. थंडीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, तोवर तिचं जेवण निवांत झालं होतं. केळीच्या मुलखात राहून हे सुचायला एक वर्ष जावं लागलं.

तुमच्याकडेही असं काही घडलं असेल. उपास, पथ्य, माळ, रोजा, आजार, नुसती आवड, काहीही असो. चुकलेलं असेल तेही लिहा, जमलेलं असेल तेही.

माळकरी, धुळे

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मित्र सगळे मटणाचे शौकीन, आणि त्यात मला काडीचीही अडचण नाही. महामार्गावरच्या एका ढाब्यावर आम्ही वर्षानुवर्षं बसायचो. ते काळ्या मसाल्याचं मटण घ्यायचे, मी शेवभाजी. एके रात्री माझ्या शेवभाजीत हाडाचा बारीक तुकडा निघाला. विचारलं तेव्हा कळलं की रश्शाचं पातेलं एकच. त्यातूनच वरची तर्री काढायची, एका वाटीत शेव टाकायची, दुसरीत मटण. म्हणजे इतकी वर्षं मी काय खात होतो?

मी ताटावरून उठलो. एक मित्र म्हणाला, “खाई ले ना भो, काही नही व्हस.” तो मनाने वाईट नाही, पण ते वाक्य मला हाडापेक्षा जास्त लागलं. दोन महिने मी त्यांच्यासोबत गेलोच नाही. मग तोच घरी आला. त्याने स्वतः फिरून वेगळी चूल असलेली एक जागा शोधली होती. आता आम्ही कुठंही गेलो तरी आत शिरताना मालकाला तोच विचारतो : पातेलं वेगळं आहे का, पळी वेगळी आहे का? मला तोंड उघडावंच लागत नाही. ते मटण खातात, मी शेवभाजी खातो, टेबल एकच.

खानावळवाली, अमळनेर

माळकरी दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. गेली कित्येक वर्षं मी खानावळ चालवते. गिऱ्हाईक टेबलावर बसतं आणि म्हणतं, “ताई, एका शेवभाजीत कांदा-लसूण टाकू नका.” पण आमचा रस्सा ज्या वाटणावर उभा असतो, त्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण सकाळीच वाटून झालेलं असतं. वरून कांदा नाही टाकला तरी आत तो आहेच. जिथं “हो हो, नाही टाकत” असं पटकन म्हणतात, तिथं जरा थांबून वाटणाचं विचारा.

आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी फोन केला तर मी तीळ-खोबऱ्याचं वेगळं वाटण करते. त्यात मला त्रास नाही, उलट बरं वाटतं. ऐन गर्दीत, 12 जणांच्या ऑर्डरमध्ये सांगितलं की माझाही नाइलाज होतो आणि मग साधं वरण-भात पुढं ठेवावा लागतो. पाहुण्याला साधं वरण वाढताना मला वाईट वाटतं हो. एवढ्या लांबून आलेलं माणूस.

शिक्षिका, शहादा

मला सिलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की आतड्यांना इजा होते. ही सवयीने जाणारी गोष्ट नाही आणि “एक घास” हे माप इथं चालत नाही. आजार कळला तेव्हा वाटलं, बाहेरचं जेवण संपलं. मग लक्षात आलं की मी राहते ज्वारीच्या प्रदेशात! कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद. बिबडे, म्हणजे आमचे पापड, ज्वारीचे. ठेचा, भरीत, उडदाची डाळ, सगळं चालतं. मुंबईच्या मावसबहिणीला हॉटेलात जे मिळवायला झगडावं लागतं, ते इथं गाडीवरही मिळतं.

पण खाचखळगे आहेत. भाकरी ज्वारीची असली तरी परात तीच, जिच्यात मघाशी कणीक मळली. तवा तोच, पोळीचा. शेव बेसनाची असली तरी जिथं समोसे तळले त्याच तेलातली. आणि सगळ्यात फसवा हिंग! बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. वर्षभर मी साधं वरण खाऊनही आजारी का पडत होते, ते हिंगाची डबी वाचल्यावर कळलं.

शाळेतल्या चार सहकाऱ्यांनी यावर जे केलं ते मी विसरणार नाही. वरण-बट्टीचा बेत ठरला होता. बट्टी म्हणजे गहूच. मी “येत नाही” म्हणून कळवलं. तर एकीने घरून धुतलेला वेगळा तवा आणला, दुसरीने दगडी खलात कुटलेला खडा हिंग पुडीत बांधून आणला. वरणाला फोडणी त्याच हिंगाची दिली, म्हणजे सगळ्यांना एकच वरण. माझी भाकरी गव्हाचं पीठ बाहेर काढण्याआधीच थापून झाकून ठेवली होती. घोटलेल्या वांग्याच्या भाजीसोबत मी दोन भाकरी खाल्ल्या आणि घरी येऊन रडले. कोणी माझ्याकडे बिचारी म्हणून पाहिलं नव्हतं.

एक विनंती. आमच्यासारख्यांनी चार वेळा विचारलं की वाढपी कंटाळतात. अशा वेळी सोबतच्यांनी “जाऊ दे ना” म्हणू नये. शहाद्यातल्याच एका गाडीवर एक आजीबाई मात्र माझं सगळं ऐकून म्हणाल्या, “तुमनासाठे येगळा तवा ठेवस, बेटा.” आणि खरंच ठेवला.

रेल्वेवाला, भुसावळ

मी मुसलमान, हलाल मटणच खातो. खात्री नसेल तिथं शेवभाजी आणि फौजदारी डाळ मागवतो, आणि मला ती मनापासून आवडते. मित्र मात्र दरवेळी हळहळतात, “अरे, तुझे हाल होतात.” हाल नाहीत, भावांनो. मेनू वाचूनच मागवलंय.

रमजानमध्ये ड्युटीवर माझ्यासमोर डबा उघडायला ते लाजायचे, कोपऱ्यात जाऊन खायचे. मीच सांगितलं की इथंच बसा, माझा रोजा माझ्यापाशी. तेव्हापासून एक झालंय : त्या महिन्यात कोणाचं प्रमोशन असो की वाढदिवस, जेवणाची वेळ मगरिबनंतरची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतरची ठरते. पहिला खजूर माझ्या हातात तेच ठेवतात.

जळगाव, नाव नको

छोटासाच मुद्दा, पण बोलायला लाज वाटते म्हणून इथं लिहिते. एकादशीला गटासोबत बाहेर गेले, मी एक साबुदाणा खिचडी खाल्ली आणि बिल सगळ्यांत सारखं वाटलं म्हणून 380 रुपये दिले. पगार कमी होता तेव्हा. पुढच्या वेळेपासून पोटदुखीचं कारण सांगून टाळू लागले. आमच्या गटातल्या दादाने ते ओळखलं असावं. एकदा तो बिल हातात घेऊन सहज म्हणाला, “ज्याने जे खाल्लं त्याने तेवढं द्या, सोपं पडतं.” आता तीच रीत आहे. मी पुन्हा जाते.

महानुभावाघरची मुलगी, चोपडा

आम्ही महानुभाव पंथाचे, इतर देवतांचा प्रसाद घेत नाही. मैत्रिणींसोबत देवीच्या गडावर सहलीला गेले तेव्हा मी प्रसाद घेतला नाही आणि गाडीत सगळ्या गप्प झाल्या. त्यांना वाटलं, त्यांच्या देवीचा मान राखला नाही. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. उतरताना एका टपरीवर पोहे घेतले, तेव्हा सांगितलं. एवढं का लपवलंस, म्हणून त्याच रागावल्या.

धडगावचा, सध्या पुण्यात

मी जरा उलट्या बाजूने लिहितो. माझं घर सातपुड्यात. आम्ही मासळी खातो, सुकट खातो, कोंबडी खातो. जळगावला शिकताना मित्र नेहमी शाकाहारी हॉटेलात न्यायचे, कारण गटात तिघं शाकाहारी होते. ते बरोबरच होतं. पण तीन वर्षांत “तुला काय खावंसं वाटतं?” असं मला एकदाही कोणी विचारलं नाही. वसतिगृहात एकदा सुकटीचा डबा उघडला तर बाकावरचे तिघं उठून गेले. मी झाकण लावलं ते पुन्हा कधी उघडलं नाही.

शेवटच्या वर्षी ते सगळे माझ्या घरी आले. निघण्याआधी आईचा फोन आला. तिने एकेकाचं नाव घेऊन विचारलं, हा काय खातो, त्याला काय चालत नाही. पोहोचलो तेव्हा अंगणात दोन चुली मांडलेल्या होत्या, मध्ये चांगलं दहा पावलांचं अंतर. एकीवर उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, मक्याच्या भाकरी. दुसरीवर कोंबडी. भाकरीचं पीठ मळायला तिने नवी परात आणली होती. जेवणं झाल्यावर बाकावरून उठून गेलेल्यांपैकी एक माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “तुझा तो डबा... पुण्याला घेऊन ये. मी खाणार नाही, पण शेजारी बसेन.”

आम्ही आता पुण्यात एकाच खोलीत राहतो. डबा दर महिन्याला येतो.