मेंब्रेनवाला मॉनिटर १३८ दाखवतो, लॅब म्हणते हायड्रोजन ४६. कुणाचं धरायचं?

उपकेंद्र_विदर्भ

नमस्कार. १३२/३३ केव्ही सबस्टेशनला असिस्टंट इंजिनिअर आहे, सव्वा वर्ष झालं. आमचा ५० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बावीस वर्षं जुना. त्याला तेलातला गॅस मोजणारा मॉनिटर आहे, मेंब्रेनचा म्हणजे पातळ पडद्याचा, एकच आकडा दाखवणारा. अलार्म १२० ला लावलेला. गेल्या आठवड्यात रात्री अलार्म आला, रीडिंग १३८ पीपीएम. दुसऱ्या दिवशी सॅम्पल पाठवला. डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) रिपोर्टमध्ये हायड्रोजन ४६, कार्बन मोनॉक्साइड ४८०, कार्बन डायऑक्साइड ४१००, मिथेन २२, इथिलीन ३०, ॲसिटिलीन शून्य. साहेब म्हणतात सेन्सर गेलाय, काढून टाकायचं पत्र तयार कर. मला पत्र लिहिण्याआधी समजून घ्यायचंय की तो पातळ पडदा नक्की करतो काय. आणि एक, सॅम्पलच्या सिरिंजमध्ये गाडीतून नेताना हरभऱ्याएवढा बुडबुडा आला होता. आमच्या माणसाने तो लॅबमध्ये देण्याआधी दाबून बाहेर काढला. त्याने काही फरक पडतो का?

तेलवाली_ताई

पत्र लिहू नका अजून.

मी एकवीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासतेय. तुमच्या दोन्ही आकड्यांत मला भांडण दिसत नाही. तुमचा मॉनिटर एकच आकडा दाखवतो ना? ह्या जातीच्या सेन्सरची सुरुवात १९७० च्या दशकात क्युबेकच्या वीज संशोधन संस्थेत झाली. पडद्यामागे फ्युएल सेलसारखा, म्हणजे वायूच्या रासायनिक क्रियेतून वीज तयार करणारा सेन्सर बसवलेला असतो. तो हायड्रोजन पूर्ण मोजतो, पण सोबत कार्बन मोनॉक्साइडचा १५ ते १८ टक्के हिस्साही त्याच आकड्यात घेतो. ॲसिटिलीनचा साधारण ८ टक्के, इथिलीनचा जेमतेम एक-दीड टक्का. आता वहीत मांडा: ४८० चे १५ टक्के ७२, १८ टक्के ८६. त्यात ४६ मिळवले की ११८ ते १३२. राहिली थोडी तफावत, ती तुमच्या बुडबुड्यात सापडेल.

आधी पडदा. पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉन प्लॅस्टिकची फिल्म असते, बटरपेपरसारखी धूसर. तेल तिच्यातून जात नाही. वायूचे रेणू मात्र प्लॅस्टिकमध्येच विरघळतात, आतून सरकत जातात आणि पलीकडे बाहेर पडतात. दोन्ही बाजूंना त्या वायूचा दाब सारखा झाला की थांबतात. तेलात वायू किती आहे यापेक्षा तो बाहेर पडायला किती जोर लावतोय, हे पडद्याला कळतं. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. हायड्रोजन तेलात फार थोडा विरघळतो, त्याचा ओस्टवाल्ड गुणांक (समतोलात तेलातलं प्रमाण भागिले लगतच्या हवेतलं प्रमाण) ०.०५. इथेनचा २.४. म्हणजे तेलात दोन्ही १०० पीपीएम असले तर पडद्यामागच्या हवेत हायड्रोजन २००० पर्यंत चढतो आणि इथेन ४२ वर अडतो. मॉनिटर हा गुणांक धरूनच तेलातला आकडा दाखवतो.

मी लॅबमध्ये एकदा असा सेल स्वतः बनवला होता. २५ मायक्रॉनची फिल्म, मागून आधाराला सच्छिद्र स्टीलची चकती, पुढे तेल. सकाळी दहाला लावला आणि दर दोन तासांनी मागच्या बाजूचा वायू गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला दिला. संध्याकाळपर्यंत हायड्रोजन अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचेना. फिल्म जाड आली असं समजून मी ती बदलली, दोन दिवस घालवले, तीच तऱ्हा. मग तेलाखाली मॅग्नेटिक स्टरर ठेवला आणि आकडा चढायला लागला. पडद्याला लागून असलेलं तेल आपला हायड्रोजन देऊन मोकळं झालं होतं आणि मागचं तेल पुढे यायला कुणी हलवत नव्हतं. एक फिल्म बसवताना दुमडली गेली. डोळ्याला दिसेना अशी रेघ होती, पण चार तासांनी मागच्या चकतीवर टाचणीच्या डोक्याएवढा तेलाचा थेंब आला. तो सेल मी मोडला. थेंब आला की पुढचं कुठलंच रीडिंग धरायचं नाही.

आता बुडबुडा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धा मिलीचा बुडबुडा धरा. तेल आणि बुडबुडा यांचा समतोल झाला की हायड्रोजनचा जवळजवळ सहावा भाग बुडबुड्यात जातो. इथेनचा अर्धा टक्काही जात नाही. तुमच्या माणसाने तो दाबला तेव्हा नेमका हायड्रोजन बाहेर गेला. ४६ वर तो सहावा भाग परत चढवा, ५५ होतात. मग बेरीज १२७ ते १४१, आणि तुमचा १३८ त्यात बसतो. वाटेत आलेला बुडबुडा कधीही काढू नका, तसाच लॅबला द्या आणि सिरिंजवर तसं लिहा.

सेन्सरपेक्षा मला त्या ४८० ची काळजी आहे. कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कागदाच्या इन्सुलेशनमधून येतो. कार्बन डायऑक्साइडशी गुणोत्तर साडेआठ आहे, ते ३ च्या खाली असतं तर मी तुम्हाला आत्ताच फोन करायला सांगितलं असतं. बावीस वर्षांच्या कागदाला हा आकडा जमतो, पण मागचे रिपोर्ट काढून तो कसा वाढलाय ते बघा.

फिल्टरेशनवाला

ताईंनी स्टररचं सांगितलं, त्याला धरून. मॉनिटर कुठल्या व्हॉल्व्हवर बसवलाय? खालच्या ड्रेन व्हॉल्व्हला, तेल न फिरणाऱ्या कोपऱ्यात असेल तर तो शिळा आकडा दाखवणार. रेडिएटरच्या पाइपजवळ, जिथे तेल वाहतं तिथे पाहिजे. आणि पुढच्या फिल्टरेशनच्या वेळी टाकीला व्हॅक्युम लावण्याआधी मॉनिटरचा व्हॉल्व्ह बंद करा. पडद्याचा आधार मागच्या बाजूने असतो, तेलाकडून व्हॅक्युम लागला की पडदा उलटा ओढला जातो. एका साइटवर आम्ही विसरलो आणि नवा सेन्सर त्याच दिवशी गेला. तेव्हापासून मी त्या व्हॉल्व्हला स्वतःच्या हाताने लाल पट्टी बांधतो.

केव्ही_प्रश्न

ताई, मग सगळे वायू वेगवेगळे दाखवणाऱ्या मॉनिटरमध्येही पडदाच असतो का?

तेलवाली_ताई

सगळ्यात नाही, पण बऱ्याचमध्ये असतो. टेफ्लॉन एएफ नावाचं पॉलिमर आलंय, साध्या पीटीएफईपेक्षा त्यातून वायू कितीतरी पटींनी सहज जातात, त्यामुळे तासन्‌तास थांबावं लागत नाही. मागे छोटा क्रोमॅटोग्राफ किंवा इन्फ्रारेड असतं. इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसतच नाही, म्हणून त्याला सेन्सर वेगळा लागतो. घेताना हे विचाराच.

उपकेंद्र_विदर्भ

ताई, दादा, मनापासून आभार. मॉनिटर रेडिएटरच्या खालच्या पाइपवरच आहे, तेल फिरतंय. परवा मी स्वतः नवा सॅम्पल घेतला, आधीचं दोन लिटर तेल वाहू दिलं, सिरिंज काळ्या कापडात गुंडाळून मांडीवर धरून लॅबला नेली. बुडबुडा आला नाही. हायड्रोजन ५४, कार्बन मोनॉक्साइड ४७५. सॅम्पल घेताना मॉनिटरवर १३७ होते. जुने रिपोर्टही सापडले, कार्बन मोनॉक्साइड तीन वर्षांपूर्वी ४१० होता. साहेबांना वहीतली बेरीज दाखवली. पत्र थांबवलंय आणि पुढचा सॅम्पल महिन्याने, त्याच व्हॉल्व्हवरून.