वॉटरबरीचं 'होली लँड' बघायला जावं का? सल्ला हवा

पंचवटीची_काकू: नमस्कार मंडळी. जूनमध्ये मी आणि हे मुलाकडे कनेक्टिकटला चाललोय, हार्टफोर्डला. तिथून जवळच वॉटरबरी गाव आहे. तिथल्या टेकडीवर जॉन ग्रेको नावाच्या वकिलाने 1950 च्या दशकात 'होली लँड यूएसए' उभं केलं. बेथलेहेम, जेरुसलेम, सगळं छोट्या आकारात. 1984 ला बंद झालं, 1986 ला ग्रेको वारले, पुढे पडझडच. मला ते बघायचंय. मुलाला कामाच्या दिवशी सुट्टी नाही, आम्हाला तिथे गाडी चालवता येणार नाही. ह्यांचे गुडघे दुखतात. दोघांचे मिळून 60 डॉलर, त्यापेक्षा जास्त नाही. कसं जावं? आत सोडतात का?

सिडको_एक्स्प्रेस: सरळ मोठी एसयूव्ही भाड्याने घ्या. आम्ही घेतली होती, सामान, माणसं, सगळं आरामात मावलं. फक्त विम्याचं आधी विचारा. आमचं बिल काउंटरवर जवळजवळ दुप्पट झालं होतं, अजून आठवलं की डोकं फिरतं.

देवळालीचा_दादा: त्यापेक्षा ऑर्लँडोचं 'होली लँड एक्स्पीरियन्स' बघा. आम्ही पाहिलंय, एकदम चकाचक.

जर्सीत_नाशिककर: दादा, ते 2021 मध्ये विकलं गेलं, एका रुग्णालय संस्थेने जागा घेतली. आणि काकू हार्टफोर्डला आहेत, फ्लोरिडात नाही.

देवळालीचा_दादा: मग केंटकीचं बायबलमधल्या नोहाचं जहाज बघा. 510 फूट लांब, लाकडी सांगाड्याचं. तिकीट महाग आहे, पण पैसे वसूल.

उपनगरवाला: न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून ट्रेन पकडायची, ब्रिजपोर्टला बदलायची, थेट वॉटरबरी. भाचा असाच जातो.

जर्सीत_नाशिककर: हार्टफोर्डहून न्यूयॉर्कला जाऊन परत उलटं कशाला? काकू, हार्टफोर्ड ते वॉटरबरी एक्स्प्रेस बस आहे, तिचं वेळापत्रक मुलाला बघायला सांगा. गावातून टेकडीवर टॅक्सी करा, चढ पायी नको. परतीची टॅक्सी आधीच ठरवा.

मी जाऊन आलोय. 2013 पर्यंत जागा नन्सकडे होती, मग तिथल्या महापौरांनी आणि एका गाडीविक्रेत्याने विकत घेतली, नवा क्रॉस लावला. तो हायवेवरूनही दिसतो. 2014 ला तिथे पुन्हा प्रार्थनासभा झाली. म्हणजे अगदीच बेवारस नाही, पण पडझड खरी आहे. एका घराचं सिमेंट उडालंय आणि आतून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी बाहेर आलीये. ग्रेकोने पत्रा, प्लायवूड, फेकलेले बाथटब, मिळेल ते वापरलं होतं. काही मूर्तींची डोकी टवाळखोरांनी फोडलीयेत. उजेडात जा. 2010 मध्ये तिथे एका मुलीचा खून झाला होता, संध्याकाळी अजिबात थांबू नका.

तांबट_आळी: वॉटरबरी म्हणजे पितळेचं गाव! बटणं, घड्याळं, सगळं पितळ तिथलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवली, आपल्या भांडी बाजाराला तोड नव्हती. काकू, स्टेशनचा मनोरा जरूर बघा, 240 फूट आहे.

गंगापूर_रोड_७: प्लास्टरची पडकी घरं बघायला अमेरिका? आपल्या नाशिकजवळ अंजनेरीच्या पायथ्याशी यादवकालीन देवळं पडून आहेत. जैन मंदिरात शके 1063 चा शिलालेख आहे, यादव राजा सेउणचंद्राचा. आधी ते बघा. आपल्याकडे कोणी विचारत नाही, हीच चीड आहे.

जर्सीत_नाशिककर: अंजनेरी अप्रतिम आहे, वादच नाही. पण ती राजाश्रयाने झाली. हे एका वकिलाने स्वतःच्या हौसेने उभं केलं. दोन्ही बघावं.

गंगापूर_रोड_७: हौस आणि कला यात फरक असतो.

सातपूरची_ताई: काकू, गोचिडांपासून जपा, फार महत्त्वाचं आहे. गोचीड चावून होणारा लाइम हा आजार कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरूनच ओळखला जातो, आणि जून हा त्यांचा ऐन मोसम. पूर्ण पँट, मोजे वर ओढून, गवतात बसायचं नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा. माझ्या जावेला चावली तर अंगावर चट्टा उठेपर्यंत कळलंच नाही. तिथे 'पॉयझन आयव्ही' नावाची तीन पानांची वेलही असते, हात लावू नका.

सिडको_एक्स्प्रेस: म्हणूनच म्हणतो, एसयूव्ही. रविवारी मुलाला घेऊन जा.

उपनगरवाला: रविवारचं मीही म्हणतो. दोघंच जाऊ नका.

पंचवटीची_काकू: सगळ्यांचे आभार. अंजनेरी मी दर पावसाळ्यात बघते, तो शिलालेखही. रविवारी मुलगा आला की घाई करेल, मला तिथे निवांत बसून चित्र काढायचंय. एका माणसाने जाळीवर सिमेंट थापून जेरुसलेम केलं, ते हात कसे चालले असतील हे मला जवळून बघायचंय. म्हणून कामाच्या दिवशी, सकाळच्या बसने, दोघंच. वर टॅक्सी, घडीची खुर्ची ह्यांच्यासाठी, गवतात नाही. ताई, केसांत बघायचं लक्षात ठेवते.

सिडको_एक्स्प्रेस: खुर्ची, पाणी, दोन माणसं, बसमध्ये कसं जमणार? गाडी घ्या काकू.

पंचवटीची_काकू: बसच.