मदत हवी आहे: लाल-निळ्या रोबोटवाला जुना गेम कोणता?

मंडळी, एका जुन्या स्ट्रॅटेजी गेमचं नाव काही केल्या आठवत नाहीये. मामेभावाच्या पेंटियमवर खेळायचो, ९७-९८ असेल. आपले रोबोट लाल, शत्रूचे निळे, मॅपचे तुकडे पाडलेले आणि प्रत्येकात एक झेंडा, रोबोट झेंड्याला टेकला की तो भाग आपला, त्यातली फॅक्टरीपण आपली, आणि जितका एरिया जास्त तितके रणगाडे पटापट बाहेर. शत्रूचा ड्रायव्हर टिपला की त्याचा रणगाडा फुकटात (हे तर लय भारी होतं!). लाकूड-सोनं गोळा करायची भानगडच नाही, म्हणजे एज ऑफ एम्पायर्स नाही, रेड अलर्टपण नाही, त्यात ओअर (कच्चं खनिज) गोळा करायला लागायचं. मधल्या व्हिडिओत दोन रोबोट नुसता आचरटपणा करायचे. नाव बहुतेक एकदम छोटं होतं. कोणाला आठवतंय का? आणि आताच्या विंडोजवर चालवायला डॉसबॉक्सच (जुने डॉसवाले गेम चालवायचं सॉफ्टवेअर) लागेल ना?