ऑलेसुंदला एक दिवस पुरेल का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑलेसुंद या गावासाठी एक दिवस पुरेसा आहे, असे काही जण म्हणतात; या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. 23 जानेवारी 1904 च्या आगीत या गावातील लाकडी घरांची जवळजवळ संपूर्ण वस्ती जळाली, सुमारे 10,000 लोक बेघर झाले, आणि पुढील तीन-चार वर्षांत दगड-विटांनी युगेंडस्टील (आर्ट नूवो, म्हणजे वेलबुट्टीदार सजावटीची) शैलीत गाव पुन्हा उभे राहिले. म्हणूनच त्याचे मनोरे, कमानी आणि दारांवरील वेलबुट्टी एकाच काळातील वाटतात. ही नक्षी मान वर करून सावकाश पाहायची असते. 1907 च्या जुन्या औषधालयातील संग्रहालयही चुकवू नये.

आक्स्ला टेकडीच्या 418 पायऱ्या मात्र संध्याकाळी चढाव्यात. त्या दिवसांत सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि नंतरही पुरता अंधार होत नाही, त्यामुळे घाई करण्याचे कारण उरत नाही (झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी मात्र न्यावी). दुसरा दिवस मिळाल्यास रुंडे बेटावर जावे. तेथील पफिन पक्षी दिवसा बहुधा समुद्रावर असतात आणि संध्याकाळी कड्यावर परततात, म्हणून सकाळची फेरी बहुतेक वाया जाते. पावसाळी जाकीट जूनमध्येही लागतेच.