मदत हवी आहे: पहिल्या आगगाडीच्या इंजिनाचं ड्रॉइंग

माळ्यावरचा_पसारा:
सोसायटीच्या गणपतीला यंदा १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीचा देखावा आहे. बारा दिवस उरलेत आणि इंजिनाचं मापं घेता येईल असं ड्रॉइंग मिळत नाहीये. फोटो आहे. चाकंसुद्धा कापून झालीत. कोणाकडे असेल तर आजच टाका, प्लीज.

खडीफोड्या:
कुठलं इंजिन? साहेब, सिंध, सुलतान अशी तीन होती. स्केल काय? फोटो कुठला?

माळ्यावरचा_पसारा:
साहेब. फोटो नेहमीचाच. मधे एक मोठं चाक, पुढेमागे एकेक लहान.

वाफाळ:
चाकं चिकटवू नका! ती फेअरी क्वीन. १८५५ ची, लीड्समध्ये बनलेली, बंगालकडे ईस्ट इंडियन रेल्वेवर धावलेली. दरवर्षी १६ एप्रिलला लोक हाच फोटो फिरवतात, जीव तुटतो. १८५३ ची इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, २-४-०, म्हणजे बाजूने बघितलं तर पुढे एक लहान चाक, मागे दोन मोठी, साइड रॉडने (बाहेरच्या दांड्याने) जोडलेली. बस. शेवटी लहान चाक नाही.

जुना_ठाणेकर:
माझ्याकडे पहिल्या गाडीचं चित्र आहे, ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावरून जातानाचं. टाकू?

वाफाळ:
काका, पहिली गाडी ठाण्यालाच थांबली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंत लाइन गेली मे १८५४ मध्ये. पुलावरची गाडी पहिली असूच शकत नाही.

जुना_ठाणेकर:
आमच्या घरी पन्नास वर्षं भिंतीवर आहे ते. चित्र फार सुंदर आहे, एवढं तरी मान्य करा.

वाफाळ:
सुंदर आहेच.

घाटमाथा:
मी म्हणतो खेकडा करा. १९२८ चं विजेचं इंजिन, मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं. वडील कल्याणला होते, लहानपणी बोरघाटात चाकांवरचे दांडे गरगर फिरताना पाहिलेत. मुलांना तेच आवडेल.

खडीफोड्या:
देखावा १८५३ चा आहे हो.

घाटमाथा:
तसं तर मुंबईत पहिलं इंजिन साहेबही नव्हे. लॉर्ड फॉकलंड, १८५२. बांधकामाच्या वाघिणी ओढायचं.

वाफाळ:
बरोबर, पण १६ एप्रिलला चौदा डबे ओढले ते या तिघांनी. धागा त्याचा आहे.

श्रावणसर:
थर्माकोल वापरू नका, बंदी आहे. कागदाचा लगदा उत्तम.

माळ्यावरचा_पसारा:
सनबोर्ड आहे. स्केल १:१०. रूळ १४४ मिमीवर ठोकलेत.

खडीफोड्या:
म्हणूनच विचारत होतो! १४४ म्हणजे इंग्लंडचं गेज, दोन रुळांमधलं अंतर. आपलं ५ फूट ६ इंच, १६७६ मिमी. १:१० ला १६८ धरा.

वाफाळ:
आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर लावू नका. तो उघड्यावर उभा असायचा, एप्रिलच्या उन्हात, समोर बॉयलर.

माळ्यावरचा_पसारा:
छप्पर काढलं. रूळ रात्री उखडतो. दोन मोठी चाकं अजून कापावी लागणार. पण ड्रॉइंग? कोणाकडेच नाही का?