आईवडिलांविषयीची कृतज्ञता त्यांच्यापर्यंत पोहोचवावी कशी?

प्रश्न : अबोल

नमस्कार. माझे आईवडील आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि वयाच्या मानाने दोघांचीही प्रकृती उत्तम आहे. त्यांनी मला ज्या ओढाताणीत वाढवले, शिकवले आणि पुढे माझे काही निर्णय मुळीच पटत नसतानाही ते मला घेऊ दिले, त्याची जाणीव स्वतःच्या संसारात पडल्यापासून मला फार तीव्रतेने होऊ लागली आहे. अडचण अशी की ही जाणीव माझ्यापाशीच राहते. आमच्या घरात माया कधी बोलून दाखवली गेली नाही. ‘पोहोचलास का’ आणि ‘जागरण करू नकोस’ एवढ्या दोन वाक्यांत ती सगळी मावते.

भेटवस्तू देऊन पाहिल्या, तर त्या कपाटात जपून ठेवल्या जातात आणि ‘कशाला उगाच खर्च केलास’ याखेरीज काही ऐकू येत नाही. एकदा धीर करून आईला म्हटले, की तू आमच्यासाठी जे केलेस त्याची मला जाणीव आहे, तर ‘सगळेच आईबाप करतात, त्यात काय विशेष’ असे म्हणून ती कामाला लागली. वडिलांपुढे हा विषय काढण्याची तर सोयच नाही. मी दुसरे वाक्य उच्चारण्याआधी ते गाडीच्या इंजिनाची चौकशी करू लागतील.

तेव्हा मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की ज्यांना कौतुक ऐकण्याचीच सवय नाही अशा माणसांपर्यंत कृतज्ञता पोहोचवण्याचा काही मार्ग आहे का, आणि मुळात ती बोलून दाखवण्याची गरज आहे का? ‘त्यांना ते न सांगताच कळते’ हे उत्तर मी स्वतःला अनेकदा दिले आहे, परंतु त्याने समाधान होत नाही.

प्रतिसाद : जुनी वही

आपल्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. न सांगताच कळते, हा समज बहुधा सांगणाऱ्याच्या सोयीचा असतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले, ते वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज त्यांच्याकडून घेतला आणि मग पत्र मिळालेल्या माणसांनाच प्रत्यक्ष विचारले. पत्र लिहिणाऱ्यांना वाटले होते त्याहून वाचणाऱ्यांना अधिक आनंद झाला होता आणि आश्चर्यही अधिक वाटले होते. अवघडलेपणा मात्र अपेक्षेपेक्षा कमी होता. लिहिणारा आपले शब्द नेमके बसतात की नाही या चिंतेत असतो, तर वाचणाऱ्याचे लक्ष त्यामागच्या जिव्हाळ्याकडे असते, असाही त्यातून निष्कर्ष निघाला. तेव्हा आपल्याला वाटणारा संकोच खरा असला, तरी त्याने बांधलेला अंदाज विश्वसनीय नाही.

आपल्या आईने विषय झटकला याचे कारण मात्र मला वेगळे दिसते. ‘तू आमच्यासाठी जे केलेस’ हे वाक्य इतके व्यापक आहे की त्याला विनयाने नकार देण्यावाचून ऐकणाऱ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. एवढे मोठे श्रेय मान्य करायचे म्हणजे स्वतःची थोरवी कबूल करण्यासारखे होते, आणि ते बहुतेकांना जमत नाही. याउलट एखादी लहान, घडलेली, नाकारता न येणारी गोष्ट सांगितली, तर नकार द्यायला जागा राहत नाही. उदाहरणार्थ, ‘मी परीक्षेत नापास झालो तेव्हा तू ते नातेवाइकांत कोणालाही कळू दिले नाहीस आणि त्यामुळे मला पुन्हा बसण्याचे धैर्य झाले’ यावर आई फार तर एवढेच म्हणेल, की हे तुझ्या लक्षात आहे होय? पुढचे बोलणे मग आपोआप सुरू होते.

पत्रात काय लिहावे, हा प्रश्न त्याच्या लांबीपेक्षा अधिक विचार करण्यासारखा आहे. माझ्या मते तीन गोष्टी एकमेकींना जोडून याव्यात : त्यांनी नेमके काय केले, ते करण्यासाठी त्यांच्यातला कोणता गुण कामी आला, आणि त्याचा परिणाम आपल्या आजच्या आयुष्यात कोठे दिसतो. यांतली मधली गोष्ट आपण हमखास विसरतो. सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांवर केलेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ‘मला याचा किती फायदा झाला’ हे सांगण्यापेक्षा ‘यात तुझे वागणे किती चांगले होते’ हे सांगणारी कृतज्ञता ऐकणाऱ्याला अधिक भिडते. तो अभ्यास आईवडिलांवर झालेला नाही हे खरे, पण आईवडिलांशी बोलताना तर आपण सर्रास स्वतःच्याच यशाची यादी वाचून दाखवतो आणि तिला कृतज्ञता समजतो.

त्यागाचा हिशेब मात्र लिहू नये. ‘तुम्ही स्वतःच्या सगळ्या इच्छा मारल्यात’ असे वाचून आनंद होईल असे मला वाटत नाही. तसे वाटत असेल तर त्याचे दुःख होईल, आणि वाटत नसेल तर आपल्या आयुष्याची मुलाने कीव केली असे वाटेल.

प्रतिसाद : मितभाषी

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. ज्या घरात आयुष्यभर शब्द जपून वापरले गेले, तेथे अचानक शब्दांचा मार्ग धरणे हे मुलाच्या समाधानासाठी असते की आईवडिलांच्या, हे आधी तपासून पाहावे. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना कृतज्ञतेचे पत्र लिहून ते संबंधित व्यक्तीला स्वतः नेऊन द्यायला सांगितले होते. देणाऱ्यांचा आनंद लगेच लक्षणीय वाढला, सुमारे महिनाभर टिकला आणि त्यानंतर ओसरला. एका पत्राने आयुष्यभराचे पांग फिटले असे मानून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझ्या दृष्टीने आईवडिलांविषयीचा आदर सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो त्यांचा सल्ला घेण्यात. येथे देखल्या देवा दंडवत मला अभिप्रेत नाही. निर्णय अजून व्हायचा असताना विचारावे, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, आणि त्यातले काही स्वीकारले असेल तर ‘तुम्ही सुचवले तसे केले’ असे नंतर आवर्जून कळवावे. आपले वडील गाडीची चौकशी करतात असे आपण लिहिले आहे. ती टाळाटाळ आहे असे मला वाटत नाही. ज्या विषयात आपण मुलाच्या उपयोगी पडू शकतो असा त्यांचा विश्वास आहे, तो विषय ते पुढे करत आहेत. त्यांना गाडी दाखवा, इंजिनाचा आवाज ऐकवा आणि त्यांचे निदान विचारा.

वयोवृद्ध माणसांची सेवा करण्याच्या उत्साहात आपण त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतो. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना लहानसहान निर्णय स्वतः घेण्यास सांगितले आणि प्रत्येकाला सांभाळण्यासाठी एक रोप दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे मिळाली, पण त्यांची निगा कर्मचारी राखत होते. पहिला गट अधिक उत्साही आणि अधिक आनंदी आढळला. ज्या आईने घर चालवले तिला ‘आता तू फक्त आराम कर’ असे सांगणे प्रेमापोटी असले, तरी तिच्या कानांवर ते ‘आता तुझी गरज नाही’ असेच पडू शकते. तिने केलेले काम स्वीकारणे, ते आपल्या पद्धतीने पुन्हा न करणे आणि तिच्याकडून ते शिकून घेणे, हे मला कोणत्याही भेटवस्तूपेक्षा मोलाचे वाटते.

भेटवस्तूच द्यायची असेल तर त्यांच्याजवळ असलेली, वापरून जुनी झालेली आवडती वस्तू दुरुस्त करून द्यावी. नवी वस्तू कपाटात जाते. दुरुस्त केलेली त्याच दिवशी वापरात येते.

प्रतिसाद : नाव नको

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जात आहे, ती म्हणजे आईवडिलांशी नाते निर्मळ असणे. माझे तसे नाही. माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही, आणि त्याच वडिलांच्या रागाच्या धाकात माझे बालपण गेले. अशा वेळी ‘जन्मदात्यांचे ऋण’ हा शब्दप्रयोग माझ्या अंगावर येतो, कारण ऋण म्हटले की बाकीचे सारे विसरून आधी ते फेडणे आले.

जेन इंग्लिश या तत्त्वचिंतक स्त्रीने 1979 मध्ये मांडलेला एक विचार मला येथे उपयोगी पडला. त्यांच्या मते आईवडिलांनी मुलांसाठी जे केले त्याकडे कर्ज म्हणून पाहणेच चुकीचे आहे. मोठ्या झालेल्या मुलांचे कर्तव्य आईवडिलांशी असलेल्या प्रेमाच्या आणि मैत्रीच्या नात्यातून उगवते, पूर्वीच्या खर्चातून नव्हे. हा विचार सर्वांना पटेल असे नाही, आणि मलाही तो पूर्ण पटलेला नाही, कारण प्रेम आटले की कर्तव्यही संपते असा त्याचा सोयीस्कर अर्थ काढता येतो. परंतु त्यामुळे मला हिशेबाच्या बाहेर पडता आले. वडिलांनी जे चांगले केले त्याबद्दल मी त्यांना कृतज्ञतेने सांगू शकते आणि तसे सांगितल्याने बाकीच्या गोष्टींवर पडदा टाकला असे होत नाही.

म्हणून माझ्यासारख्यांना एवढेच सांगेन, की सरसकट आभार मानू नयेत. जे खरे आहे तेवढेच, त्या प्रसंगापुरते सांगावे. ‘तुम्ही आदर्श बाबा आहात’ हे मला म्हणता येत नाही. ‘माझ्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची तारीख तुम्ही एकदाही चुकवली नाहीत, हे माझ्या लक्षात आहे’ हे म्हणता येते, आणि ते मी म्हटले आहे. ज्यांना एवढेही म्हणता येत नाही त्यांच्यावर कोणी तशी सक्ती करू नये, अशी या निमित्ताने विनंती.

प्रतिसाद : तीन मुलांची आई

आपण सर्व मुलांच्या बाजूने लिहीत आहात, म्हणून पलीकडच्या बाजूने थोडे लिहिते. माझी तिन्ही मुले आता मोठी आहेत.

आम्ही कौतुक झटकून टाकतो यामागे विनय असतोच, पण आणखी एक कारण असते जे मुलांना सहसा सुचत नाही. या वयात मुलाने अचानक गंभीर होऊन आभार मानायला सुरुवात केली, की पहिली शंका अशी येते, की याला माझ्या तब्येतीविषयी डॉक्टरांनी काही सांगितले आहे का, किंवा याच्याच संसारात काही बिनसले आहे का. निरोप घेताना बोलावे तसे ते ऐकू येते. त्यामुळे कृपा करून मुलांनी यासाठी रुग्णालयातली खाट किंवा पंचाहत्तरीचा समारंभ निवडू नये. एखाद्या साध्या दिवशी, काहीतरी काम करता करता, दोघांची नजर त्या कामावर असताना सांगावे. समोरासमोर बसवून सांगितलेले पेलत नाही.

दुसरे असे की आम्हाला स्वतःच्या चुका तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आठवतात. थोरल्यावर विनाकारण ओरडले होते, धाकटीच्या बाबतीत नको तेथे हात आखडता घेतला होता, हे रात्री झोप नाही आली की डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘तू काहीच कमी पडू दिले नाहीस’ हे वाक्य मला खरे वाटत नाही. त्यापेक्षा माझी मुलगी एकदा म्हणाली, की ‘मूल रडायला लागले की मी तुझ्यासारखीच आधी शांतपणे खाली बसते’, ते मी अजून धरून आहे. ती माझे आभार मानत आहे असे तिला वाटलेही नसेल.

आणि आम्हाला विचारा. माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचे काही आठवत नाही, म्हणजे आईबापांनी सर्वांत जास्त रात्री ज्या काळात जागून काढल्या तो काळ मुलांच्या लेखी कोराच असतो. त्याचे साक्षीदार आम्ही दोघेच. ‘मी तान्हा असताना तुमचे दिवस कसे जात होते’ असे एखाद्या मुलाने विचारले, मध्येच मोबाइलकडे न पाहता ऐकून घेतले आणि आमची हरकत नसेल तर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर त्याने वेगळे आभार मानण्याची मला तरी गरज वाटणार नाही.

प्रतिसाद : अबोल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडीविषयीचे निरीक्षण वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. त्या प्रश्नाकडे मी आजवर त्या बाजूने पाहिलेच नव्हते. येत्या भेटीत वडिलांना गाडी दाखवणार आहे, खरोखरच ती सुरू होताना खरखर आवाज करते. आईसाठी मात्र पत्र लिहावे असे मनात आहे. एकच शंका उरते : पत्र दोघांच्या नावे मिळून लिहावे, की वेगवेगळे?

प्रतिसाद : जुनी वही

वेगवेगळे लिहावे. एकत्र पत्रात ‘तुम्ही दोघांनी’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि प्रसंग पुन्हा धूसर होऊ लागतात. शिवाय अशा पत्रात बहुतेक मजकूर आईविषयीचा असतो आणि वडिलांच्या वाट्याला शेवटचे एक वाक्य येते. वडिलांचे पत्र चार ओळींचे असले तरी चालेल. हाताने लिहा, त्यांना वाचायला सोपे जाईल एवढे अक्षर मोठे ठेवा, आणि आपण निघताना देऊन या, म्हणजे वाचून झाल्यावर काय बोलावे हा पेच त्यांच्यापुढे राहणार नाही. उत्तराची वाट पाहू नका. कदाचित फोनवर पुन्हा गाडीचीच चौकशी होईल, आणि तेव्हा तिचे सविस्तर उत्तर द्या.